ताफा कुठे निघाला ते छापू नका. बूट का पोहोचले नाहीत ते छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर' झाले, तेव्हापासून सीमाभागातल्या मराठी वाचकांत एक वाद पुन्हा पुन्हा निघतो. लढाई चालू असताना सरकारी गुपित वर्तमानपत्राच्या हाती लागले तर ते छापावे की दाबून ठेवावे? एका बाजूचे म्हणणे, अशा वेळी पेपरवाल्यांनी सरकारी प्रेस नोट तेवढी छापावी आणि गप्प बसावे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, वाचकाला सगळे कळलेच पाहिजे. दोघेही 'गुपित' हा एकच जिन्नस धरून भांडतात. टेबलावर कॉपी तपासणाऱ्याच्या हाती मात्र दोन अगदी वेगळ्या वस्तू येतात. एक उद्याची असते, एक कालची. उद्या कोण कुठे हलणार, किती जण, कोणत्या वाटेने, कशाच्या जोरावर, हे छापायचे नाही. काल काय घडले, कुणाच्या हुकमाने, कुणाच्या हलगर्जीपणाने, पैसे कुठे मुरले, हे मात्र छापायचे, मग कागदावर 'गोपनीय'चा शिक्का असो वा नसो. खरी अडचण 'आज'ची आहे. हे पत्र बहुतांशी त्या 'आज'विषयी आहे.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, सांबऱ्याला हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, यात गुपित काही नाही. ते पाटीवर आहे, भरतीच्या जाहिरातीत आहे, बस कंडक्टरच्या तोंडी आहे. गुपित असते ते एवढेच: आज रात्री किती गाड्या, कोणत्या दिशेला, कोणत्या तुकडीच्या, किती वाजता. नेमकी हीच माहिती गावोगावच्या वार्ताहराला सगळ्यात सहज मिळते, कारण ती दिल्लीच्या फायलीत नसते, महामार्गावर असते.

समजा, निपाणीच्या वार्ताहराने चार ओळी पाठवल्या: सकाळी कोगनोळी टोल नाक्यावर लष्करी वाहनांचा ताफा दिसला, नागरिकांनी जयघोष केला. संकेश्वरहून आले: महामार्गावरची वाहतूक काही वेळ रोखली. खानापूरहून आले: विशेष रेल्वेगाडी गेल्यामुळे फाटक बराच वेळ बंद, प्रवाशांचे हाल. तिन्ही बातम्या वेगवेगळ्या पानांवर लागल्या, तिन्ही खऱ्या, तिन्ही निरुपद्रवी. पण घरात ठिपक्यांची रांगोळी पाहिलेल्या कुणालाही कळेल की एकेक ठिपका म्हणजे काहीच नसते, तो जोडणाऱ्याच्या डोक्यात आकृती असते. कोगनोळीची वेळ आणि संकेश्वरची वेळ यांतले अंतर मोजले की वेग निघतो. वेगावरून पुढचे ठिकाण निघते, गाड्यांच्या संख्येवरून माणसे निघतात. म्हणून तालुक्याच्या बातम्या पाहणारा उपसंपादक आणि पहिले पान लावणारा उपसंपादक यांनी अशा दिवसांत एकमेकांची पाने पाहिल्याशिवाय सोडू नयेत. बहुतेक ठिकाणी तसे होत नाही. आतली पाने बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीसाठी संध्याकाळीच सुटतात आणि पहिले पान रात्री उशिरा.

वाहतूक खोळंबली ही बातमी द्यायला हरकत नाही. ती अशी द्यावी: 'महामार्गावर वाहतूक संथ.' कारण नको, तास नको, गाव नको. वाचकाला जे हवे, म्हणजे आपली गाडी अडकणार का, ते त्याला मिळते.

आता फोटोकडे वळू, कारण मजकुरापेक्षा फोटो जास्त बोलतो. लष्करी गाडीच्या नंबरात बाणाचे चिन्ह असते आणि गाडी कोणत्या साली घेतली त्याचे दोन आकडे असतात. बंपरवर तुकडीची खूण रंगवलेली असते. जवानाच्या खांद्यावर पलटणीचे नाव असते. मागे किलोमीटरचा दगड, ढाब्याची पाटी, टोल नाक्याचे छप्पर. या सगळ्यांवर उपसंपादकाची नजर जाईलच असे नाही, कारण तो तिरंगा हलवणारी मुले बघत असतो. फोटो क्रॉप केला की काम झाले, असाही समज आहे. पान लावणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो चौकटीत बसवून कडा लपवल्या तरी मूळ फोटो चौकटीमागे पूर्ण असतो. पीडीएफ काढताना चौकटीबाहेरचा भाग छाटण्याचा पर्याय निवडला नाही, तर ई-पेपरच्या पीडीएफमध्ये तो दडलेला राहतो आणि जाणकार तो बाहेर काढतो. नावावर काळी पट्टी ओढली की नाव गेले, हीही तशीच फसगत. पट्टीखाली अक्षरे असतात; मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवला की वाचता येतो. नंबर धूसर करू नये, सरळ एका रंगाने भरून टाकावा, आणि हे काम पानावर नव्हे, फोटोच्या फायलीवर करावे. मग ती नवी फाइल पानात घ्यावी.

आणखी एक बारीक गोष्ट. मोबाइलने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश आणि वेळ नोंदलेली असते, जर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'लोकेशन' चालू असेल तर. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ही नोंद गळून पडते. पण साधा फोटो दबतो, छापताना फुटतो, म्हणून डेस्कवरूनच वार्ताहराला सांगितले जाते की 'डॉक्युमेंट' करून पाठव. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोत नोंद जशीच्या तशी येते. तोच फोटो पुढे संकेतस्थळावर चढला की जागा आणि वेळ दोन्ही जगाला मिळतात. उपाय सोपा आहे: वार्ताहराने लोकेशन बंद ठेवावे, आणि डेस्कने चढवण्याआधी फोटोची माहिती उघडून पाहावी. अर्धा मिनिट लागतो.

थेट प्रक्षेपणाचे काय होते हे मुंबईने पाहिले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात कमांडो नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरताना वाहिन्यांनी थेट दाखवले. पलीकडे बसलेले सूत्रधार टीव्ही पाहून आतल्या दहशतवाद्यांना फोनवर सूचना देत होते, हे ध्वनिमुद्रित संभाषणातून उघड झाले. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ च्या कसाब निकालात वाहिन्यांना स्पष्ट शब्दांत झोडपले आणि भाषणस्वातंत्र्याची ढाल इथे चालणार नाही असे सांगितले. त्यानंतर २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत ६(१)(प) हे कलम आले: दहशतवादविरोधी कारवाई संपेपर्यंत थेट प्रक्षेपण नाही, नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी सांगितलेलेच दाखवायचे. २०१६ मध्ये पठाणकोटच्या प्रक्षेपणावरून एका वाहिनीला एक दिवस बंद राहण्याचा आदेश निघाला, आणि टीकेनंतर सरकारने तो स्थगितही ठेवला. २६ एप्रिल २०२५ च्या सूचनापत्रात सरकारने कारगिल, मुंबई हल्ला आणि कंदाहार अपहरण ही तीन नावे घेऊन पुन्हा तेच बजावले.

हे कलम छापील अंकासाठी नाही. पण आज बेळगावातले कोणते मराठी वर्तमानपत्र फक्त छापील आहे? प्रत्येकाचे फेसबुक पान आहे, यूट्यूब वाहिनी आहे, आणि स्टेशनवर जवानांना निरोप देतानाचे 'लाइव्ह' लावणारा मुलगाही आहे. रजा रद्द होऊन निघालेल्या जवानाला आई कुंकू लावते, तो क्षण कुणाला टिपावासा वाटणार नाही? टिपा. दोन दिवसांनी लावा. गाडीचे नाव, डब्याचा क्रमांक आणि 'आमचा अमुक या चौकीवर चालला' हे नातेवाइकाचे वाक्य कापून लावा.

२७ फेब्रुवारी २०१९ ला विंग कमांडर अभिनंदन पाकिस्तानच्या ताब्यात गेले. चित्रफितीत ते विचारलेल्या प्रश्नाला 'हे मी तुम्हाला सांगू शकत नाही' असे शांतपणे म्हणताना दिसतात. त्याच वेळी इकडच्या वाहिन्या त्यांचे घर, वडिलांची हवाई दलातली नोकरी, सगळे पडद्यावर मांडत होत्या. तो माणूस जे तोंडातून काढत नव्हता ते आपण तासाभरात ओकलो. उद्या चंदगड, खानापूर किंवा हुक्केरी तालुक्यातला एखादा जवान बेपत्ता झाला, तर गावात पहिला पोहोचणारा माणूस आपलाच वार्ताहर असेल. त्याला आधीच सांगून ठेवले पाहिजे: ताब्यात असलेल्या किंवा बेपत्ता जवानाचे नाव, गाव, पलटण, हुद्दा, घरच्यांचा फोटो, यांतले काहीही सैन्याने अधिकृतपणे जाहीर करेपर्यंत पाठवायचे नाही. शहीद झाल्याची बातमीही शेजाऱ्याच्या स्टेटसवरून घ्यायची नाही. लष्कर आधी घरी कळवते, मग नाव देते. त्या मधल्या वेळेत बातमी लागली तर म्हाताऱ्या बापाला मुलगा गेल्याचे चहाच्या टपरीवर कळते. इथे कायद्याची गरज नाही, पण याहून मोठा गुन्हा आम्हाला ठाऊक नाही.

कायद्याकडे येऊ. 'युद्धकाळ आहे, आता घटनेचे स्वातंत्र्य गुंडाळलेले' असे बोलले जाते, ते चूक आहे. घटनेच्या ३५८ व्या कलमाने १९ व्या कलमातली स्वातंत्र्ये गोठतात ती युद्ध किंवा परकी आक्रमणावरून आणीबाणी पुकारली तरच. तशी आणीबाणी २६ ऑक्टोबर १९६२ ला आणि ३ डिसेंबर १९७१ ला पुकारली गेली. १९६५ ला वेगळी पुकारण्याची गरज नव्हती, ६२ चीच चालू होती. १९९९ ला कारगिलमध्ये पुकारली नाही, २०२५ लाही नाही. म्हणजे या दोन्ही वेळी वर्तमानपत्राचा हक्क कागदावर शाबूत होता. त्याला कुंपण होते ते नेहमीच्याच कायद्यांचे.

त्यातला मुख्य म्हणजे १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम. याचे तिसरे कलम हेरगिरीचे. राष्ट्राच्या सुरक्षिततेला बाधक हेतूने शत्रूला उपयोगी पडेल अशी माहिती मिळवणे, नोंदवणे किंवा 'प्रसिद्ध करणे' यासाठी, विषय संरक्षणाचा असेल तर, १४ वर्षांपर्यंत कैद. पाचवे कलम वार्ताहराच्या जास्त जवळचे: सरकारी गुप्त माहिती अनधिकाराने देणारा तर गुन्हेगार आहेच, पण तशी आहे हे माहीत असून किंवा तसे मानायला सबळ कारण असून ती स्वीकारणाराही गुन्हेगार. ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. पाकीट आपण मागितले नव्हते, कुणीतरी टेबलावर ठेवून गेले, हा बचाव पाकीट उघडून वाचेपर्यंतच टिकतो. पण तेराव्या कलमात एक अडसर आहे. सरकारने किंवा सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने तक्रार केल्याशिवाय न्यायालयाला या गुन्ह्याची दखल घेता येत नाही. तालुका पातळीवरच्या कुणा साहेबाला बातमी झोंबली आणि त्याने फोनवर 'गुपिते कायदा लावीन' असा दम दिला, तर दमाची किंमत तेवढीच.

हा कायदा किती ढोबळपणे वापरता येतो याचे उदाहरण जून २००२ चे. दिल्लीत पत्रकार इफ्तिखार गिलानी यांना काश्मीरमधल्या सैन्याची माहिती संगणकात ठेवली म्हणून याच कायद्याखाली पकडले. ते सुमारे ७ महिने तिहारमध्ये होते. ती माहिती इस्लामाबादच्या एका संस्थेने १९९६ मध्येच छापलेल्या पुस्तिकेतली होती, कुणालाही वाचायला मिळणारी. लष्करी गुप्तवार्ता विभागाने आधी ती धोक्याची ठरवली, नंतर मत फिरवले, आणि जानेवारी २००३ मध्ये खटला मागे घेतला गेला. उलट, निर्गुंतवणुकीची मंत्रिमंडळ टिपणी छापणाऱ्या एका पत्रकाराला दिल्लीच्या न्यायालयाने २००९ मध्ये सोडले आणि नुसता शिक्का मारल्याने कागद गुपित होत नाही असे म्हटले. शिक्का चार तऱ्हांचा असतो, अतिगोपनीयपासून प्रतिबंधितपर्यंत, आणि तो मारणारा बाबू शंका आली की वरचाच मारतो. खालचा मारून कुणी नोकरी धोक्यात घालत नाही.

२०१९ मध्ये राफेल विमानांच्या खरेदीची कागदपत्रे 'द हिंदू'ने छापली. महान्यायवादींनी सर्वोच्च न्यायालयात सांगितले की कागद चोरीचे आहेत, गुपिते कायद्याखाली येतात, पाहू नयेत. १० एप्रिल २०१९ ला तिन्ही न्यायमूर्तींनी हा आक्षेप एकमताने फेटाळला. पुढे नोव्हेंबरात खरेदीच्या चौकशीसाठी केलेले फेरविचाराचे अर्जही न्यायालयाने फेटाळले, हेही सांगायला हवे. म्हणजे कागद पाहिले गेले आणि सरकारची बाजूही टिकली. छापल्याने आकाश कोसळले नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ याचे ८(२) कलम तर सरळ म्हणते की गुपिते कायद्यात काहीही असले तरी लोकहिताचे पारडे जड असेल तर माहिती देता येते.

'कालचे' दाबले की काय होते, यासाठी महाराष्ट्राच्या ओळखीचेच उदाहरण पुरे. १९६२ च्या पराभवानंतर हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, यशवंतराव संरक्षणमंत्री झाले. पराभवाची चौकशी हेंडरसन ब्रुक्स आणि भगत या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी केली. २ सप्टेंबर १९६३ ला यशवंतरावांनी संसदेत त्यातले निष्कर्ष जपून सांगितले, प्रशिक्षणात काय कमी पडले, साधनांत काय कमी पडले. मूळ अहवाल सुरक्षितता आणि मनोधैर्य यांचे कारण देऊन दिला नाही. त्या घडीला ते पटण्यासारखे होते. पण २०१० मध्येही सरकार लोकसभेत सांगत होते की अहवाल आजही लष्करी मोलाचा आहे. २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने त्याचा मोठा भाग इंटरनेटवर टाकला. सीमेवर त्यामुळे काही हलले नाही. आपल्या हरण्याची कारणे आपल्याला परक्या माणसाकडून वाचावी लागली, एवढेच.

याच्या उलट टोकाला बेळगावात जन्मलेला एक माणूस उभा आहे, आणि बेळगावलाच त्याचे नाव फारसे ठाऊक नाही. अँथनी मस्करेन्हस, जन्म १९२८, गोव्याच्या ख्रिस्ती घरातले, शिक्षण कराचीत. १९७१ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानी लष्कराने ८ पत्रकारांना पूर्व पाकिस्तानात फिरवले, 'सगळे शांत आहे' असे लिहून घेण्यासाठी. सात जणांनी तसे लिहिले. मस्करेन्हस लंडनला गेले, 'संडे टाइम्स'च्या संपादकांना भेटले, परत कराचीला आले, आधी बायकामुलांना देशाबाहेर काढले, मग स्वतः सीमा ओलांडून अफगाणिस्तानात गेले. १३ जून १९७१ ला पूर्व पाकिस्तानात लष्कराने चालवलेल्या कत्तलीची बातमी छापली गेली. क्रम लक्षात घ्या. माणसे सुरक्षित होईपर्यंत अक्षर छापले नाही. बातमीचा गाभा होता तो काय घडवले गेले आणि कुणाच्या हुकमाने. लष्कराच्या दृष्टीने ते गुपितच होते, युद्धकाळातले होते, आणि ते छापणे हेच त्या माणसाचे काम होते.

गुपित फक्त पेपरवाले फोडतात, असेही नाही. १९४३ च्या जूनमध्ये अमेरिकन संसदेच्या लष्करी समितीचे अध्यक्ष अँड्रयू मे यांनी पत्रकारांना सांगून टाकले की जपानी लोक पाणबुड्यांवर टाकायचे बाँब फार कमी खोलीवर फोडतात, म्हणून आपल्या पाणबुड्या वाचतात. ते छापून आले. युद्धानंतर पाणबुडी दलाचे प्रमुख लॉकवुड यांनी अंदाज केला की या वाक्याने १० पाणबुड्या आणि ८०० माणसे गेली. अंदाजावर वाद आहे, पण अशा गुपिताची जात कळते: 'शत्रू कुठे चुकतो' हे सांगणे म्हणजे त्याची चूक दुरुस्त करून देणे. १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिना फॉकलंड युद्धात गूस ग्रीनवर ब्रिटिश तुकडी चढाई करण्याच्या आदल्या दिवशी बीबीसीने ती जवळ पोहोचल्याचे सांगितले. माहिती लंडनमधूनच सुटली होती. तेव्हा आमदार, खासदार किंवा मंत्री पत्रकार परिषदेत काही बोलले म्हणून ते छापायला मोकळीक मिळाली, असे होत नाही. भाषणाच्या भरात नेता काय बोलेल याचा नेम नाही. कात्री उपसंपादकाच्याच हातात असते.

मग 'छापा' या गटात काय येते? रसद. दारूगोळा, कपडे, बूट, दुरुस्ती, पैसा. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल संसदेत मांडले जातात. जुलै २०१७ च्या अहवालात होते की १५२ प्रकारच्या दारूगोळ्यांपैकी ६१ प्रकारांचा साठा १० दिवसांच्या लढाईलाही पुरणारा नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये मांडलेल्या अहवालात सियाचीनसारख्या ठिकाणच्या जवानांचे बर्फातले बूट आणि गॉगल वेळेवर न मिळाल्याचे होते. हे अहवाल शत्रूही वाचतो, यात शंका नाही. पण ते मांडले गेले म्हणून खरेदी हलते. आपल्या पट्ट्यात घरटी नाही तरी गल्लीटी एक जवान आहे. बूट कुणाच्या पायातले होते हे वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. अशी बातमी करताना एकच पथ्य: कमतरता सांगा, चौकीचे नाव सांगू नका. 'उंचावरच्या ठाण्यांत बूट कमी' हे पुरेसे आहे. 'अमुक ठाण्यात अमुक जोड कमी' ही बातमी नाही, ती शत्रूला पाठवलेली यादी आहे.

फुटलेला कागद खरोखर हाती आला तर काय करावे, हे टेबलावर आधी ठरलेले असावे; त्या रात्री ठरवायला वेळ नसतो. कागदाचा फोटो कधीही छापू नये, कितीही 'पुरावा' वाटला तरी. फाइल क्रमांक, प्रत क्रमांक, कडेची पेन्सिलची खूण, सही, घडी, यांतून देणारा सापडतो. रंगीत लेझर प्रिंटर तर कागदावर डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके उमटवतात, ज्यात यंत्र आणि वेळ नोंदलेली असते. २०१७ मध्ये अमेरिकेत एका वृत्तसंकेतस्थळाने गुप्त अहवालाची प्रत पडताळणीसाठी सरकारकडेच दाखवली. कागदाला घडी दिसत होती, म्हणजे तो छापून बाहेर नेला होता. कुणी कुणी छापला ते काढले, सहा जण निघाले, आणि त्यांतली एक व्यक्ती गजाआड गेली. म्हणून मजकूर आपल्या हाताने पुन्हा टाइप करावा, दोघांनी ताडून पाहावा, आणि पडताळणीसाठी प्रश्न पाठवावा, प्रत पाठवू नये. प्रश्न संरक्षण जनसंपर्क अधिकाऱ्याला लेखी, वेळ घालून. त्यांनी 'थांबा' म्हटले तर 'का' आणि 'कधीपर्यंत' हे दोन्ही विचारावे. कारवाई चालू आहे, दोन दिवस थांबा, असे उत्तर आले तर थांबावे. नुसते 'राष्ट्रहितात नाही' असे आले तर ते उत्तर धरू नये. निर्णय एकाच माणसाचा असावा, त्याचे नाव आणि वेळ वहीत लिहिलेली असावी. पुढे न्यायालयात ही वहीच बोलते.

आणि आधी कागद खरा आहे का ते पाहावे. मे २०२५ च्या त्या रात्रींत खोट्या पत्रांचा पूर आला होता. वाहिन्या कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे सांगून मोकळ्या झाल्या, काहींनी स्टुडिओत हवाई हल्ल्याचे भोंगे वाजवले, इतके की १० मेला सरकारला सांगावे लागले, कार्यक्रमात सायरन वाजवू नका, खऱ्या सायरनची किंमत जाईल. आपल्या जिल्ह्यातही कर्नल सोफिया कुरेशी यांच्या गोकाक तालुक्यातल्या सासरच्या घरावर हल्ला झाल्याची थाप समाजमाध्यमांवर फिरली; बेळगाव पोलिसांनी ती खोटी असल्याचे जाहीर केले. खोट्याची ही गर्दी होण्याचे एक कारण म्हणजे खरे सांगायला उशीर. विमाने पडली हे संरक्षण दल प्रमुखांनी ३१ मे २०२५ ला मान्य केले, तेही सिंगापुरात, परदेशी वृत्तसंस्थांसमोर. लढाई १० मेला थांबली होती. आकडा नका सांगू, पण 'नुकसान झाले आहे' एवढे वाक्य आपल्या देशात, आपल्या पत्रकारांसमोर, तीन आठवडे आधी बोलता आले असते.

शेवटी सीमाभागाची खास अडचण. जिल्हा प्रशासनाची सूचनापत्रे कन्नडमध्ये येतात, दिल्लीची इंग्रजीत. मराठी डेस्कवर ती घाईत उलथली जातात. कन्नडमधले 'मुन्नेच्चरिका क्रम' म्हणजे खबरदारीचा उपाय. त्यातला 'एच्चरिके', म्हणजे इशारा, तेवढा डोळ्यांत भरतो आणि मथळा होतो 'बेळगावला हल्ल्याचा इशारा'. 'गौप्य' हा शब्द कधी खासगी, कधी गोपनीय, कधी गुप्त होऊन उतरतो, आणि तिन्हींचे वजन वेगळे. अशा दिवसांत सरकारने सूचनापत्र मराठीतही द्यावे ही मागणी भाषेच्या हक्काची आहेच, पण त्याहून आधी ती सुरक्षिततेची आहे. ते मिळेपर्यंत आपल्या दैनिकाने दोन्ही भाषा नीट वाचणाऱ्या एका माणसाची सही असल्याशिवाय असा मजकूर पानात जाऊ देऊ नये, आणि वर लिहिलेल्यांतले जे पटेल ते एका पानाच्या सूचनेत छापून खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या प्रत्येक वार्ताहराला द्यावे. त्यांतले बहुतेक जण दुकान, शेती किंवा शाळा सांभाळून बातमी पाठवतात; त्यांना गुपिते कायद्याचे पाचवे कलम कुणी कधी वाचून दाखवलेले नसते.

कळावे.

आपले,
वृत्तसंपादनाच्या कामाशी संबंधित काही वाचक
बेळगाव, खानापूर, निपाणी